चार लगाम, तीन कसोट्या

युरोपात ‘कंबाइंड ड्रायव्हिंग’ या नावाने ओळखली जाणारी घोडागाडीची स्पर्धा वयाने लहान आहे. तिची आंतरराष्ट्रीय नियमावली १९६९ मध्ये आकाराला आली आणि त्या नियमांनुसारची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९७० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्न शहरी झाली. तोवर तिथल्या रस्त्यांवरून घोडागाडी हद्दपार होऊन एक पिढी उलटली होती आणि शेतातल्या घोड्याची जागा ट्रॅक्टरने घेतली होती. गाडी हाकण्याच्या कसबावर कोणाचे पोट भरेनासे झाले, त्यानंतर त्या कसबाची परीक्षा घेणारा हा खेळ जन्माला आला. त्याचा इतिहास समजून घ्यायचा तर आधी ते कसब कुठून आले हे पाहावे लागते.

स्पर्धेचे स्वरूप थोडक्यात असे. एकच कोचमन, त्याची एक, दोन किंवा चार घोड्यांची गाडी आणि तीन कसोट्या. पहिली ड्रेसाजची : मोकळ्या मैदानात ठरलेल्या आकृत्या ठरलेल्या चालींत काढायच्या. दुसरी मॅरेथॉनची : रानातून, चढउतारांवरून, पाण्यातून लांबचा पल्ला आणि शेवटी लाकडी खांबांचे अवघड अडथळे. तिसरी शंकूंची : शंकूंच्या जोड्यांमधल्या अरुंद फटींतून वेळेच्या आत गाडी काढायची. तिन्हींतले दंडगुण एकत्र मोजले जातात आणि ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो जिंकतो. एका कसोटीतली चमक दुसरीतल्या चुकीची भरपाई सहसा करू शकत नाही.

घोड्याने ओढलेली गाडी पुरातन आहे, पण प्रवाशांना घेऊन झपाट्याने धावणारी हलकी गाडी त्या मानाने अलीकडची. पंधराव्या शतकात हंगेरीतल्या कोच गावचे कारागीर अशा गाड्या बनवत होते आणि त्यांची ख्याती पुढे सगळ्या युरोपभर गेली. पोलादी स्प्रिंगा नंतर आल्या, पक्के खडीचे रस्ते त्याहून नंतर. या दोन गोष्टी जुळून आल्या तेव्हा गाडीचा वेग खऱ्या अर्थाने वाढला. इंग्लंडमध्ये २ ऑगस्ट १७८४ रोजी ब्रिस्टलहून लंडनला पहिली टपालगाडी निघाली. जॉन पामर यांनी आखलेली ही व्यवस्था वेळापत्रकाला बांधलेली होती. वाटेतल्या ठाण्यांवर ताजे घोडे जुंपायचे आणि क्षणभरही न रेंगाळता पुढे निघायचे. १८३० च्या सुमारास चांगल्या रस्त्यांवर या गाड्या ताशी सोळा किलोमीटरच्या आसपास धावत. रात्री, धुक्यात, चार घोडे आणि गाडीभर माणसे सांभाळत वेळ पाळणारा कोचमन हा त्या काळी मानाचा कारागीर होता.

१८३० मध्ये लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वे सुरू झाली आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत लांब पल्ल्याच्या टपालगाड्या बंद पडल्या. कोचमनचा धंदा बसला, पण त्याची विद्या श्रीमंतांनी उचलली. हौसेखातर चार घोड्यांची गाडी स्वतः हाकणारे उमराव आधीपासूनच होते. आता त्यांचे क्लब निघाले. त्यांतला लंडनचा ‘कोचिंग क्लब’ १८७१ मध्ये स्थापन झाला. या हौसेने जुन्या पेशाला काही वर्षे आधारही दिला. जेम्स सेल्बी या व्यावसायिक कोचमनने १३ जुलै १८८८ रोजी ‘ओल्ड टाइम्स’ ही गाडी लंडनहून ब्रायटनला नेऊन त्याच दिवशी परत आणली. जाऊन-येऊन सुमारे १७४ किलोमीटर अंतर आणि लागलेला वेळ सात तास पन्नास मिनिटे. पैज होती आठ तासांची आणि एक हजार पौंडांची. घोड्यांच्या वेगाइतकेच त्यात ठाण्यावरच्या माणसांचे श्रेय होते, कारण चार थकलेले घोडे सोडून चार ताजे जुंपायला त्यांना जेमतेम मिनिटभर लागे. गाडी हाकणे ही तुकडीची विद्या आहे हे सेल्बीच्या त्या धावेइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसले असेल.

हौशी मंडळींना शिकवणारे गुरूही याच काळात पुढे आले. पॅरिसमध्ये एडविन हॉलेट हा इंग्रज चार घोड्यांची गाडी हाकायला शिकवी. त्याच्याकडे शिकलेल्या बेनो फॉन आखेनबाख (१८६१–१९३६) या जर्मन गृहस्थाने या विद्येला शास्त्राचे रूप दिले. चित्रकार ओस्वाल्ड आखेनबाख यांचा हा मुलगा पुढे कैसर दुसरा विल्हेल्म याच्या पागेत गाड्यांचा प्रमुख झाला. १९२२ मध्ये त्याचा गाडी जुंपण्या-हाकण्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यातली पद्धत आजही जगभर शिकवली जाते.

आखेनबाखचा मुद्दा दोन घोड्यांच्या गाडीत नीट कळतो. कोचमनच्या हातात दोनच लगाम येतात, पण घोड्यांच्या तोंडात चार टोके असतात. डावा लगाम डाव्या घोड्याच्या मुखातल्या कडीच्या डाव्या बाजूला जातो. त्यालाच बक्कल लावून जोडलेला एक आडवा फाटा उजव्या घोड्याच्या कडीच्या डाव्या बाजूला जातो. उजवीकडे याच्या उलट. त्यामुळे डावा लगाम ओढला की दोन्ही घोडे एकदम डावीकडे वळतात. आता दोघांपैकी एक घोडा अधीर असेल, तर तो सारखा पुढे राहून एकटाच ओझे ओढतो आणि दुसरा आरामात शेजारून चालतो. अशा वेळी आडव्या फाट्याचे बक्कल ठरावीक छिद्रांनी मागेपुढे सरकवायचे, म्हणजे अधीर घोडा आवरला जातो, सुस्त घोड्याला मोकळीक मिळते आणि ओझे दोघांत सारखे वाटले जाते. छिद्रांमधले अंतर आखेनबाखने हिशेबाने बसवले होते. त्याचा सारा आग्रह घोड्याची ताकद वाया जाऊ नये यासाठी होता. शेतकऱ्यांना आणि लष्कराच्या गाडीवाल्यांना त्याचे म्हणणे पटले ते याच कारणाने.

चार घोड्यांच्या गाडीत हातात चार लगाम येतात. ते सगळे डाव्या हातात धरायचे : पुढच्या जोडीतला डावा लगाम तर्जनीवरून, पुढचा उजवा आणि मागचा डावा तर्जनी-मधल्या बोटांमध्ये एकावर एक, आणि मागचा उजवा मधले बोट व अनामिका यांच्यामध्ये. उजव्या हातात चाबूक असतो. तोच हात अधूनमधून मदतीला येतो. वळण घेताना पुढच्या जोडीचा लगाम उजव्या हाताने थोडा मागे घेऊन त्याचा लहानसा वळसा डाव्या अंगठ्याखाली दाबायचा. पुढचे घोडे वळू लागतात. मात्र मागची जोडी तेवढ्यात वळली, तर गाडी कोपरा कापते आणि मागचे चाक खांबावर आदळते. म्हणून मागच्या जोडीला क्षणभर विरुद्ध बाजूला धरून ठेवावे लागते. एकाच मुठीतून दोन उलट हुकूम एकाच वेळी द्यायचे, हे या कलेचे मर्म आहे.

हंगेरीची रीत निराळी होती. इंग्रजी साजात घोड्याच्या गळ्यात जाड गादीचा कडक पट्टा असे. हंगेरियन साजात त्याऐवजी हलका छातीपट्टा. लगामांची रचनाही अशी की जोडीतल्या घोड्यांचे कमीजास्त कोचबॉक्सवर बसल्या जागी, हाताशीच करता येई. साजावर कातड्याच्या नक्षीदार झालरी रुळत. हे उघड्या माळरानावर भरधाव हाकणाऱ्यांचे तंत्र होते, इंग्रजी तंत्र शहरातल्या गर्दीतल्या रस्त्यांचे. पुढे स्पर्धेच्या मैदानात या दोन परंपरा समोरासमोर आल्या आणि सुरुवातीच्या काळात हंगेरीची सरशी झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम युरोपातला कामाचा घोडा झपाट्याने कमी झाला. गाड्या बनवणारे सुतार, साज शिवणारे कारागीर, मोतद्दार, सगळ्यांचीच पांगापांग झाली. जे उरले ते जपण्यासाठी ब्रिटनमध्ये १९५७ साली ‘ब्रिटिश ड्रायव्हिंग सोसायटी’ निघाली. जर्मनीत आखेनसारख्या मोठ्या अश्वमेळ्यांत गाड्यांच्या स्पर्धा होत राहिल्या. पूर्व युरोपात चित्र वेगळे होते. हंगेरी, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया या देशांत जुन्या राजघराण्यांची अश्वपैदास केंद्रे सरकारी झाली आणि टिकली. तिथे घोडे जुंपणे हा पगारी माणसांचा रोजचा उद्योग राहिला.

त्यामुळे आंतरराष्ट्रीय नियम व्हावेत ही सूचना पोलंडच्या प्रतिनिधीकडून आली यात नवल नाही. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाचे (एफईआय) अध्यक्ष त्या वेळी ब्रिटनच्या राणीचे पती प्रिन्स फिलिप होते; १९६४ ते १९८६ अशी बावीस वर्षे ते त्या पदावर राहिले. नियम ठरवणाऱ्या समितीचे नेतृत्व त्यांनी सर माइक अँसेल यांच्याकडे सोपवले. अँसेल यांची दृष्टी १९४० मध्ये युद्धात गेली होती, तरीही ब्रिटनमधल्या अश्वक्रीडांची युद्धोत्तर घडी बसवण्यात त्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. आधी प्रत्येक देशाचे नियम वेगळे होते : कुठे गाडीचा थाट पाहत, कुठे वेग, कुठे कौशल्य. समितीने नमुना घेतला तो घोडेस्वारीच्या ‘थ्री-डे इव्हेंट’चा. लष्करी घोड्यांच्या परीक्षेतून निघालेली ती स्पर्धा १९१२ पासून ऑलिंपिकमध्ये होती. त्या स्पर्धेतले ड्रेसाज जसेच्या तसे उचलले गेले, रानातल्या दौडीची मॅरेथॉन झाली आणि अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या जागी शंकू आले. हा निर्णय फार शहाणपणाचा ठरला. थाट, दम आणि नेमकेपणा या जुन्या कोचमनच्या तिन्ही गुणांना त्यामुळे एकाच स्पर्धेत जागा मिळाली.

सुरुवातीच्या नियमांत ड्रेसाजच्या आधी गाडीची तपासणी होई आणि तिचे वेगळे गुण असत. परीक्षक उभ्या गाडीभोवती फिरून साजाची शिवण, बक्कलांची चकाकी, घोड्यांचे नाल, गाडीचे दिवे पाहत. कोचमनच्या डोक्यावर हॅट, हातांत तपकिरी कातडी मोजे आणि मांडीवर एप्रन हवा. गाडीत जादा सामान आहे का, हेही बघितले जाई : लगाम किंवा ओढीचा पट्टा तुटला तर बदली पट्टा, हातोडी, चाकाचा पाना, खूर साफ करण्याचा आकडा. रस्त्यात अडलेल्या टपालगाडीला जे लागे तेच हे सामान. पुढे ही तपासणी स्वतंत्र राहिली नाही. सादरीकरणाचे गुण ड्रेसाजच्या गुणांतच धरले जाऊ लागले. ड्रेसाजचे मैदान चार घोड्यांच्या गाडीसाठी १०० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद असते. एका हाताने लगाम धरून दुडकीत वर्तुळ काढणे ही त्यातली खरी कसोटी.

मॅरेथॉन हा खेळाचा सर्वांत लोकप्रिय भाग आणि नियमांत सर्वाधिक बदल झाले तेही त्यातच. जुन्या पद्धतीत तिचे पाच टप्पे होते : दुडकीचा, पायचालीचा, वेगवान दुडकीचा, पुन्हा पायचालीचा आणि शेवटी अडथळ्यांचा. शेवटच्या टप्प्याआधी दहा मिनिटांची सक्तीची विश्रांती असते. तिथे पशुवैद्य घोड्यांचे ठोके आणि श्वास तपासतात आणि थकलेल्या घोड्यांना तिथेच थांबवतात. काळाच्या ओघात एकूण अंतर कमी झाले, वेगवान दुडकीचा टप्पा गेला, टप्प्यांची संख्याही घटली. अडथळे मात्र अधिक गुंतागुंतीचे झाले. प्रत्येक अडथळ्यात अक्षरांनी दाखवलेली दारे असतात. ती क्रमानेच पार करायची, लाल खूण उजवीकडे आणि पांढरी डावीकडे ठेवून. दोन दारांमधली वाट कोणती घ्यायची हे कोचमन ठरवतो. जवळची वाट घेतली तर वळणे कोंडीची, लांबची घेतली तर घोडे चौखूर सोडता येतात. म्हणून स्पर्धक आदल्या दिवसांत प्रत्येक अडथळा पायी पुन्हा पुन्हा फिरून पाहतात. अडथळ्यात घालवलेल्या प्रत्येक सेकंदाला पाव दंडगुण पडतो.

चार घोड्यांच्या गाडीवर मागे दोन मोतद्दार उभे असतात. वळणावर ते बाहेर झुकून गाडीचा तोल राखतात, पुढचे दार ओरडून सांगतात, घोडा पट्ट्यात अडकला तर उडी मारून सोडवतात. लगामांना त्यांनी हात लावायचा नाही. लावला तर दंडगुण.

शंकूंची कसोटी शेवटच्या दिवशी. शंकूंच्या जास्तीत जास्त वीस जोड्या आणि प्रत्येक शंकूच्या माथ्यावर एक चेंडू. चाकाचा धक्का लागून चेंडू पडला की दंड. फट चाकांच्या रुंदीहून काही सेंटिमीटरच जास्त असते. मॅरेथॉननंतर घोडे अजून पाय मोकळे ठेवून आहेत का, हुकूम ऐकतात का, हे इथे उघडे पडते. तिन्हींत ही कसोटी प्रेक्षकांना सर्वांत कमी थरारक वाटते, पण हातोटीचा खरा कस तिथेच लागतो.

चार घोड्यांच्या गाडीची पहिली युरोपीय स्पर्धा १९७१ मध्ये बुडापेस्टला झाली आणि ती हंगेरीच्या इम्रे अबोनी यांनी जिंकली. १९७२ मध्ये जर्मनीत म्युन्स्टर येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली. वैयक्तिक विजेते स्वित्झर्लंडचे ऑगस्ट दुबे, सांघिक विजेता ब्रिटन. १९७४ मध्ये शांडोर फुलोप, १९७६ मध्ये अबोनी, १९७८ आणि १९८० मध्ये ग्योर्गी बार्दोस, १९८४ मध्ये लास्लो युहास असे हंगेरियन एकामागून एक जगज्जेते झाले. बार्दोस सिलवाशवाराद इथल्या सरकारी पागेतले लिपित्सानर घोडे हाकत. पगारी कोचमन आणि पिढ्यान्पिढ्या एकत्र जुंपले गेलेले घोडे यांच्यापुढे पश्चिमेचे हौशी स्पर्धक काही वर्षे तरी मागेच पडले. पुढे नेदरलँड्सने ही मक्तेदारी मोडली : १९८२ आणि १९८६ मध्ये त्येर्ड वेल्स्ट्रा, १९८८ मध्ये आयस्ब्रांट शारदोन. २०१० मध्ये अमेरिकेतल्या लेक्सिंग्टन येथे ऑस्ट्रेलियाचे बॉइड एक्सेल जिंकले. तोवर एकही जगज्जेता युरोपाबाहेरचा नव्हता. एक्सेल यांनी २०१८ पर्यंतच्या सलग पाच जागतिक स्पर्धा आपल्या नावावर केल्या.

नियमांच्या मसुद्याशी संबंध आलेले प्रिन्स फिलिप स्वतःही कोचबॉक्सवर बसले. सांधेदुखीमुळे पन्नाशीत पोलो सोडल्यावर त्यांनी राजवाड्याच्या पागेतले घोडे जुंपून हाकायला सुरुवात केली. १९८० च्या विंडसर इथल्या जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलेल्या ब्रिटिश संघात ते होते. या खेळावर त्यांनी पुस्तकेही लिहिली आणि पुढे वयोमानानुसार चार घोड्यांची गाडी सोडून फेल जातीची तट्टे हाकली. राजघराण्याचे वलय लाभल्याने खेळाला प्रसिद्धी मिळाली, पण त्यांचे मोठे काम नियमांचे आहे. ती चौकट पन्नास वर्षांनंतरही मोडलेली नाही.

मोडली ती गाडी. सुरुवातीच्या मॅरेथॉनमध्ये लोक आजोबांच्या काळातल्या लाकडी गाड्या घेऊन उतरले आणि त्यांची चाके, दांड्या खांबांवर आपटून फुटल्या. जुन्या, पुन्हा कोणी बनवू न शकणाऱ्या गाड्या अशा भंगारात जाव्यात, हे फार मोठे नुकसान होते. त्यावर उपाय म्हणून मॅरेथॉनसाठी पोलादी गाडी तयार झाली : ठेंगणी, डिस्क ब्रेकची, खांबांवर घासून सुटणारी. चार घोड्यांच्या अशा गाडीचे वजन किमान ६०० किलो आणि चाकांमधली रुंदी किमान १२५ सेंटिमीटर असावी लागते. ड्रेसाज आणि शंकूंच्या गाडीसाठी हीच रुंदी १५८ सेंटिमीटर ठरली आहे. म्हणजे प्रत्येक स्पर्धकाला दोन गाड्या, पाच घोडे आणि ते सारे वाहून नेणारा ट्रक लागतो. खर्च वाढला, लाकडी चाकाचे कारागीर स्पर्धेतून बाहेर गेले आणि वेल्डिंग करणारे आले. जुन्या कलेच्या जतनासाठी काढलेल्या खेळाने जुनी गाडी मैदानाबाहेर ठेवली, हा दोष मान्य करायला हवा. तरीही लगाम कातड्याचेच राहिले आणि ते धरण्याची रीत आखेनबाखचीच.

खर्चाचा भार हलका करणारे मार्ग खेळानेच काढले. दोन घोड्यांच्या गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा १९८५ मध्ये सँड्रिंगहॅमला झाली, एका घोड्याची १९९८ मध्ये ऑस्ट्रियातल्या एब्स गावी, तट्टांची २००३ मध्ये. १९९८ मध्येच अपंग कोचमनांसाठी स्वतंत्र जागतिक स्पर्धा सुरू झाली; खोगिरावर बसणे ज्यांना शक्य नाही, ते गाडीच्या आसनावरून घोडा उत्तम हाकू शकतात. हिवाळ्यात बंदिस्त रिंगणात होणारी विश्वचषक मालिका या शतकाच्या सुरुवातीला आली. तिच्यात मॅरेथॉन आणि शंकू एकाच फेरीत गुंफलेले असतात आणि शहरी प्रेक्षक तिकीट काढून येतात.

ऑलिंपिकचे दार मात्र बंदच आहे. १९०० मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी चार घोड्यांच्या गाड्यांची स्पर्धा झाली होती आणि ती बेल्जियमच्या जॉर्ज नागेलमाकर्स यांनी जिंकली होती. झोपण्याच्या डब्यांच्या रेल्वेगाड्या युरोपभर चालवणाऱ्या वागाँ-ली कंपनीचे ते संस्थापक. त्यानंतर घोडागाडी ऑलिंपिकमध्ये कधीच आली नाही. या खेळाचे सर्वोच्च पदक आजही एफईआयच्या जागतिक स्पर्धेचेच आहे.